ओव्हरशेर आणि दर्याकाठचं घर

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की ते आधी सदऱ्याच्या खिशातून कापसाचा पुंजका काढायचे, त्यातला चिमटीभर तोडून हवेत सोडायचे आणि तो कुठं जातो ते बघत उभे राहायचे. घरातली माणसं "या, बसा" म्हणत असायची, कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केलेला असायचा, आणि हे मान वर करून कापसामागं थेट सैपाकघरात पोचलेले असायचे. एकदा ते कुणाबरोबर तरी मुलगी बघायला गेले होते. तिथंही त्यांनी कापूस सोडला. तो तरंगत तरंगत देवघरात गेला आणि निरांजनावर पडून भुर्रकन जळाला. पोहे घेऊन आलेली मुलगी दारातच थबकली. "घरातली सगळी हवा देवाकडं जायलीय," हे मुलीच्या बापाला म्हणाले, "मानसांसाठी काय ठेवलंच न्हाई तुमी." आता सोयरीक मोडते की काय, असं सगळ्यांना वाटलं. ती जमली. आणि मांडव पडायच्या आधी मुलीच्या बापानं गुपचूप पूर्वेच्या भिंतीला खिडकी पाडून घेतली.

परभणीत त्यांना सगळे 'ओव्हरशेर' म्हणायचे, म्हणजे बांधकाम खात्यातला ओव्हरसियर. सरकारी नोकरी त्यांनी केव्हाच सोडली होती, पण हुद्दा काही लोकांनी काढून घेतला नाही. नोकरी सोडण्यामागं काय काय घडलं याच्या गावात निरनिराळ्या हकिकती होत्या. ते स्वतः एवढंच सांगायचे, की वरून एकच नकाशा यायचा आणि तोच सगळ्या गावांना लावायचा असायचा. एका खेड्यात शाळेची खोली बांधताना त्यांनी दाराची बाजू बदलली, कारण नकाशाप्रमाणं बांधलं असतं तर दिवसभर पोरांच्या डोळ्यांत ऊन आलं असतं. "दार फिरवलं अन् साहेब फिरला," असं म्हणून ते मोठ्यानं हसायचे.

स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर त्यांची खोली होती. एक उतरतं टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला टेकवलेली छत्री, आणि दाराशी स्टुलावर काकू. काकू म्हणजे त्यांची बायको. गिऱ्हाईक आलं की आधी काकू बोलायच्या, कारण ओव्हरशेर बोलले तर गिऱ्हाईक परत जायचं. "प्लॅन पास करून पायजे," असं कुणी म्हणालं की ते म्हणायचे, "मग पास करनाऱ्याकडं जा. माझ्याकडं राहायचं घर मिळतं."

ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाला नाव द्यायचं की नाही यावरून चहाच्या टपरीपासून जेवणाच्या पंगतीपर्यंत माणसं हमरीतुमरीवर यायची. त्यांच्या खोलीतही एकदा वाद पेटला. बंगल्याचा नकाशा काढून घ्यायला आलेले एक बडे बागायतदार नाव बदलण्याविरुद्ध तावातावानं बोलत होते. ओव्हरशेरनी पेन्सिल खाली ठेवली. "मी लय घरं बांधली," ते म्हणाले, "नाव बदलल्यानं पडलेलं एकबी घर मला दिसलं न्हाई. तुमाला दिसलं असंल तर पत्ता द्या, जाऊन बघून येतो." बागायतदार उठून गेले ते गेलेच. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बोललाव ते बराबर बोललाव. पर आधी नकाशा तरी हातात द्यायचा की!"

माझा त्यांच्याशी संबंध आला तो मायमुळं. माझी आई. पोखर्णीजवळच्या एका खेड्यात आमचं लहानसं घर आणि गावाबाहेर थोडं रान. वडील गेल्यावर माय तिथं एकटीच राहायची. शेत चुलत्यांनी बटईनं केलेलं. मी डॉक्टर झाले आणि सरकारी दवाखान्यात नेमणूक मिळाली ती थेट मालवणी मुलखात, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका गावात. आधी वाटलं, वर्षभरात बदली करून घेऊ. पण गाव मला आवडलं, गावाला मी चालले, आणि सुरूच्या झाडांपलीकडं समुद्रालगत मी थोडी जागाही घेतली. आता मायनं माझ्याकडं यावं एवढंच राहिलं होतं.

"यीन की," माय म्हणाली. "पर घर आपल्याकडच्या मानसानं बांधाया पायजे. तिकडच्या मानसाला आपलं बसनं-उठनं काय कळनार?"

इतक्या लांब येऊन घर बांधून देणारा परभणीचा माणूस जन्मात मिळणार नाही, याची तिला खात्री होती. खरं सांगायचं तर मलाही होती. ओव्हरशेरच्या माडीवर मी गेले ती कुणीतरी त्यांचं नाव सांगितलं म्हणून, आणि प्रयत्न केला असं मायला सांगता यावं म्हणून.

"कुठं बांधायचं?" काकूंनी विचारलं.

"कोकणात. समुद्राच्या काठाला."

काकू नाही म्हणायला तोंड उघडत होत्या, तेवढ्यात आतून आवाज आला, "जमंल."

"तुम्ही समुद्र बघितलाय का?" मी विचारलं.

"मुंबईला बघितला. लय गर्दी होती. बोलनं झालं न्हाई त्याच्याशी."

त्यांनी जागेचं माप विचारलं नाही, खोल्या किती हव्यात तेही नाही. पुढच्या रजेला येताना तिकडं जे जे खराब होतं ते घेऊन या, असं सांगितलं. मला वाटलं, चेष्टा करताहेत. तरी मी नेलं: बोटानं चुरा होणारी बिजागरी, गंजून मिटलेली कात्री, बुरशी आलेली चप्पल, पाणी सुटलेलं मीठ आणि सादळलेली काड्यापेटी. हा सगळा खजिना त्यांनी टेबलावर मांडला. काड्यापेटीतली एक काडी ओढून बघितली. ती पेटली नाही तेव्हा त्यांना इतका आनंद झाला, की काकूंना उठवून त्यांच्यासमोर आणखी एक ओढून दाखवली.

"ही हवा लोखंड खायली," ते म्हणाले. "मग तिला लोखंड द्यायचंच न्हाई. खिळा न्हाई, पट्टी न्हाई. लाकडात लाकूड बसवायचं. उपाशी ठेवू तिला. बरं, राहनार कोन?"

"मी आणि माझी आई."

"तुमी दिवसभर दवाखान्यात. म्हंजे राहनार तुमची आई. चला."

त्याच दिवशी एसटीनं आम्ही मायकडं गेलो. माय तूर निवडत बसली होती. यांनी दारातच कापूस काढला आणि सोडला. मायनं सूप खाली ठेवलं.

"कापूस कामून उडवायलाव?" ती म्हणाली. "येचता येचता बोटं फाटतेत आमची."

ओव्हरशेर जागीच थांबले. मग वाकून त्यांनी तो चिमटीभर कापूस कोपऱ्यातून उचलला, फुंकर मारून धूळ काढली आणि परत खिशात घातला. मायसमोर त्यांनी पुन्हा कधी कापूस सोडला नाही. तिच्या घरात वाऱ्याचा अंदाज घ्यायचा असला तर नुसतं बोट ओलं करून धरायचे, तेही ती पाठमोरी असताना.

"आक्का, तुमी घरात कुठं बसता?"

"बसायला येळ कुनाला हाय?"

"तरीबी."

मायनं मागच्या दाराच्या उंबऱ्याकडं मान हलवली. "हितं. रस्ताबी दिसतो अन् चुलीवरचं दूधबी."

ते जाऊन त्या उंबऱ्यावर बसले. चांगला तासभर बसले. माय त्यांना ओलांडून आत-बाहेर करत राहिली, बाजूला व्हा म्हणाली नाही. परत येताना एसटीत मी विचारलं, काय ठरवलं? "आक्काला लपून बसायला आवडत न्हाई," ते म्हणाले, "अन् उघड्यावरबी न्हाई." नकाशाबद्दल त्या दिवशी एवढंच.

जागा बघायला ते कोकणात आले तेव्हा उन्हाळा होता. माझी अपेक्षा, समुद्र बघून हा माणूस वेडा होईल. ते आले, वाळूत छत्री रोवली आणि समुद्राकडं पाठ करून बसले.

"साहेब, समुद्र इकडं आहे."

"मालूम हाय. त्याला मी दिसायलोय ना? बास."

ते झाडांकडं बघत होते. समुद्राकाठची सगळी झाडं एका बाजूला कललेली होती. "कशी पळायलेत बघा," म्हणाले. "पाय अडकले म्हनून राहिलेत, न्हाईतर कवाच घाटावर आली असती." दिवसा सोडलेला कापूस जमिनीकडं गेला. तिन्हीसांजेला तो हवेत नुसता लोंबकळला. पहाटे सोडला तो उलटा, समुद्राकडं गेला. ते लहान पोरासारखे टाळ्या पिटत माझ्या खोलीवर आले. "डॉक्टरीनबाई, हितली हवा पाळी बदलती! तुमच्या नर्सांसारखी!"

मग घराचं बोलणं निघालं आणि आमचं वाजलं. मला समुद्राच्या बाजूला मोठमोठ्या खिडक्या हव्या होत्या; समुद्राकाठी घर बांधायचं ते कशासाठी? ते म्हणाले, पावसाळ्यात त्या खिडक्यांतून समुद्र बघायचा न्हाई, अंगावर घ्यायचा. पश्चिमेला जाड फळ्यांची बंद भिंत, त्या बाजूला छप्पर लांब उतरून पार खाली आलेलं, म्हणजे वारा चढून वरून निघून जाईल. घर कमरेएवढ्या खांबांवर, जमिनीपासून सुटं. "रेती यील, रेती जाईल. तिला खालून वाट ठेवायची. अडवली की ती दार मागती." आणि पूर्वेला, गावाच्या बाजूला, घराच्या लांबीइतका पट्ट्यांचा ओटा. तिथं बसलं की चूलही दिसावी आणि रस्ताही.

"आणि कडी-कुलूप?" मी म्हणाले. "घरात औषधं असतात. लोखंड नाही म्हणजे दाराला काय दोरी बांधू?"

लाकडी अडसर आतून लागेल, बाहेरून नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. "पितळ," शेवटी ते कष्टानं म्हणाले. "एक कडी पितळेची. पर ती तुमची, माझी न्हाई. कुनी इचारलं तर तसंच सांगायचं."

लाकूड मिळालं ते जिंतूरच्या बाजूला. तिथं निजामाच्या काळातलं जिनिंगचं एक गोदाम पाडायला काढलं होतं. छपराच्या कैच्या अस्सल सागवानी, इतकी वर्षं कापसाच्या धुळीत मुरलेल्या. ओव्हरशेर एकेका तुळईला कान लावून वर बोटानं टिचकी मारायचे, मी एरवी रोग्याच्या पाठीवर मारते तशी. "ह्याची तबियत ठीक," म्हणायचे, किंवा "हा आतून खोकायला." तुळया सुट्या केल्यावर सांध्यांतून जुना पिवळा कापूस निघाला. तो त्यांनी सगळा पिशवीत भरून घेतला.

घर आधी परभणीतच जोडून बघायचं, असा त्यांचा हट्ट. दर्यावर गेल्यावर पाचर विसरली म्हणून कुणी परत येणार नाही, हे त्यांचं म्हणणं. सुतार इथलेच, पोटाला भाकरी इथली. पण एवढं घर उभं करायला जागा? मायनं आमचं रान दाखवलं. उन्हाळा होता, रान मोकळं होतं. तिथं नुसते दगडी तळखडे ठेवून त्यावर खांब उभे राहिले, आणि थोड्याच दिवसांत पोखर्णीच्या शिवारात, जिथं नजर पोचेल तिथवर काळी ढेकळं, मधोमध दर्याकाठचं एक घर उभं राहिलं. आमच्याकडची घरं माळवदाची, सपाट. हे एका बाजूनं झुकलेलं, पाय वर घेतलेलं. तिथल्या नृसिंहाच्या दर्शनाला येणारी माणसं वाट वाकडी करून बघायला यायला लागली. "जहाज हाय," एक जण सांगायचा. "न्हाई, दवाखाना होनार हाय." ओव्हरशेर ओट्यावर बसून सगळ्यांना "होय" म्हणायचे.

ठरल्याप्रमाणं घर सुटं करून लगेच ट्रकनं न्यायचं होतं. पण तेवढ्यात नामांतराचं पुन्हा पेटलं. बंद, रास्ता रोको, एसट्या थांबलेल्या. कुणी ट्रकवाला घाटापलीकडं जायला तयार होईना. मी कोकणात अडकले. सगळं शांत झाल्यावर मी सुट्टी काढून, ट्रक ठरवून रानात आले, तर घराच्या ओट्यावर मायचं लुगडं वाळत होतं. आत तिची बाज, तिची चूल, शिंक्यात भाकरी.

"हितं कशी काय?"

"रिकामं घर किती दिस ठेवायचं?" माय म्हणाली. "बरं हाय की. वारा खालूनबी येतो. मी हितंच ऱ्हाती. तू येत जा सुट्टीला."

"माय, हे समुद्रासाठी बांधलंय!"

"समुद्राला काय करायचंय घर?"

मी ओव्हरशेरना बोलावलं. वाटलं, ते तरी हिला समजावतील. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मायचं ऐकून घेतलं, खांबाला पाठ टेकली आणि म्हणाले, "घर ज्याचं त्याला इचारा. अन् तसंबी तिकडं आता पाऊस लागनार. उघड्यावर फळ्या भिजवू का? दिवाळीच्या आसपास बघू."

मी संतापले. ट्रकवाल्याला परत पाठवलं, दोघांशीही न बोलता निघाले, आणि सगळा पावसाळा माझ्या भाड्याच्या खोलीत माझ्या जागेकडं बघत काढला.

पोळ्याला रजा घेऊन आले ती गावातल्या घरी उतरले. सकाळी रानात गेले तर माय घराच्या आत आणि दार बंद. ती आतून ओढतेय, दार निघत नाही. मी बाहेरून खांदा लावला.

"ढकलू नगंस, मोडंल!" माय आतून ओरडली. "ओव्हरशेरला बोलाव."

काळ्या मातीचं आमच्याकडं कुणाला नवल नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगून वर येते. घरं बांधणारे मुरूम लागेपर्यंत खोल जातात ते त्यासाठीच. हे घर तर नुसतं मातीवर ठेवलेलं. एक खांब वर उचलला गेला होता, दुसरा खचला होता, आणि दार चौकटीत गच्च बसलं होतं.

जीपवाल्याबरोबर निरोप गेला. दुपारी छत्री घेऊन ओव्हरशेर आले. दाराला हात लावला नाही. ओट्यावर मांडी घालून दाराशी बसले.

"आक्का, बऱ्या हाव का?"

"मला काय झालंय? घराचं बघा. सारखं कुरकुर करायलंय."

"काय म्हनतंय?"

"तुमाला कळतंय ना घराचं? तुमीच सांगा."

"पाय दुखायलेत म्हनतंय. जमीन खालून ढोसन्या द्यायलीय."

मग आतून आवाज आला, "चा घेता का?"

चूल आत, दूध आत आणि आम्ही बाहेर. दार तिरकं झाल्यामुळं खालच्या एका कोपऱ्यात फट पडली होती. थोड्या वेळानं त्या फटीतून एक बशी सरकत बाहेर आली, भरलेली. एक थेंब सांडला नव्हता. ओव्हरशेरनी ती उचलून फुर्र करून संपवली आणि परत आत सरकवली. मग माझ्यासाठी आली.

"आक्का," ते मिशी पुसत म्हणाले, "आनखी एक पावसाळा गेला तर हितून ताट सरकंल."

"म्हंजे टिकायचं न्हाई म्हना."

"टिकंल. हितं न्हाई टिकायचं. ह्या मातीसाठी केलेलंच न्हाई ते. रेतीवर उभं राहायला केलंय, वाऱ्यात राहायला केलंय. हितं त्याला कोंडल्यासारखं हुतंय."

मी उठणार, तेवढ्यात ओव्हरशेरनी हातानं थांबवलं.

"न्या मग त्याला त्याच्या गावाला," माय म्हणाली.

"अन् तुमी?"

"एकलं कसं पाठवायचं? नवं घर हाय. सवय न्हाई त्याला."

त्यांनी पिशवीतून लाकडी हातोडा काढला, खांबाजवळची एक पाचर शोधून तिच्यावर एकच ठोका दिला. कुठंतरी कर्रकन आवाज झाला आणि दार आपणहून उघडलं. माय हातात भांडं घेऊन उभी होती. "आनखी हाय," ती म्हणाली. "घेता का?"

त्या दिवशी त्यांना एसटीपर्यंत सोडताना मी विचारलं, "माती फुगते हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"परभनीत कुनाला माहीत न्हाई?" ते म्हणाले आणि बसमध्ये चढले.

बस गेल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यात उतरलं. मी तशीच रानात परत आले. "माय, तुला कळलं नव्हतं हे असं होणार ते?"

माय भांडी घासत होती. "मला न्हाई कळनार व्हय? ह्याच मातीत जलम गेला."

"मग?"

"उन्हाळ्यात गेले असते तर डोळ्यांसमोर मोकळं रान घिऊन गेले असते. नुसती ढेकळं." तिनं हातानं भोवती दाखवलं. कापूस मांडीपर्यंत आला होता, पलीकडं तुरीची हिरवी ओळ. "एवढं बघून निघायचं होतं. ओव्हरशेरला सांगितलं मी तवाच. ते म्हनले, खुशाल ऱ्हावा, घराचा जिम्मा माझा, डॉक्टरीनबाईचा राग बी माझा."

रागवावं की काय करावं, मला कळेना. मी खाली बसले आणि भांडी विसळायला लागले.

दिवाळीनंतर घर दर्यावर पोचलं. परभणीचेच सुतार घेऊन ओव्हरशेर स्वतः ट्रकमध्ये बसून आले, आणि त्यांच्या शेजारी माय. अख्ख्या वाटेत दोघं कोण जास्त गप्प बसतं याची पैज लावल्यासारखे बसले होते, असं ड्रायव्हरनं सांगितलं. तेच खांब, त्याच फळ्या वाळूवर उभ्या राहिल्या आणि घराची कुरकुर बंद झाली. पहिल्या पावसाळ्यात वारा खरंच छपरावर चढून मागं निघून गेला. वाळू खाली शिरली आणि पलीकडून निघाली. आजूबाजूची कौलं उडाली तेव्हा शेजारची सगळी माणसं आमच्या घरात येऊन बसली, आणि मायनं सगळ्यांना ज्वारीच्या भाकरी घातल्या. कुणाला त्या गिळता आल्या नाहीत, पण नको कुणी म्हणालं नाही.

गावाच्या बाजूचा तो ओटा म्हणजे त्या किनाऱ्यावरची वारा न लागणारी, सावलीची, ऐसपैस अशी एकच जागा होती. हे कोळणींना माझ्या आधी कळलं. होड्या येईपर्यंत त्या तिथं येऊन बसायला लागल्या. सुरुवातीला मायला त्यांचं मालवणी कळायचं नाही, त्यांना हिचं परभणीचं. माय माळकरी, मासळीच्या टोपल्या बघून तिनं पदर नाकाला लावला. पण उठून जा म्हणाली नाही. "टोपल्या त्या अंगाला ठेवा," म्हणाली. "दुपारी वारा तिकडं वळतो." त्यांनी ठेवल्या, आणि बोलणी सुरू झाली. मी दवाखान्यातून परत यायचे तेव्हा माझ्याच ओट्यावर मला बसायला जागा नसायची.

ओव्हरशेर पुन्हा आले ते काही वर्षांनी. थकले होते, पण खांबांना टिचक्या मारत घराभोवती पुरी फेरी झाली. मायनं त्यांना चहा दिला आणि पश्चिमेच्या बंद भिंतीपाशी नेलं.

"हितं खिडकी पाडा."

ओव्हरशेर चमकले. बांधून झालेल्या घराला हात लावू द्यायचे नाहीत ते. "आक्का, ह्याच अंगानं वारा मारतो. म्हनून तर बंद ठेवली."

"वाऱ्याचं तुमी बघा. ह्या बायांचं ध्यान सारं होड्यांकडं. घडीघडीला उठतेत, घराला वळसा घालून बघून येतेत, परत बसतेत. एक गोष्ट पुरी होत न्हाई. त्यांना हितूनच दिसाया पायजे."

"पावसात काय करनार?"

"पावसात कुठं होड्या जातेत?"

ते संध्याकाळपर्यंत भिंतीसमोर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मायला भिंतीपाशी खाली बसवलं, तिच्या डोळ्यांच्या रेषेवर पेन्सिलीनं खूण केली आणि स्वतः करवत चालवली. आडवी, लांब, अरुंद खिडकी. वरून खाली पडणारी फळी, म्हणजे वारा आला की एका हातानं बंद. ओट्यावरचं दार उघडं ठेवलं की बसल्या बसल्या घरातून आरपार समुद्र दिसायचा.

"इतकी खाली?" मी म्हणाले. "उभं राहिलं तर काहीच दिसत नाही."

"उभं राहून बघायचं असंल तर बाहेर हायच की दर्या," ते म्हणाले.

काम संपलं त्या दिवशी होड्यांना उशीर झाला. ओट्यावर बायकांची रांग बसली होती. मधेच, खांबाशी ओव्हरशेर. मायची गोष्ट रंगली होती. ती कुणातरी नणंदेची होती आणि त्या दिवशी पहिल्यांदाच शेवटापर्यंत पोचली. ओव्हरशेर ऐकता ऐकता कलले आणि फळ्यांवरच आडवे होऊन झोपले, तोंड किंचित उघडं टाकून.

"इली, इली!" कुणीतरी खिडकीकडं बोट दाखवलं. सगळ्या भराभर उठल्या, टोपल्या उचलल्या. एक मात्र घुटमळली.

"माझी चुंबळ तेच्या डोक्याखाली आसा," ती मायला म्हणाली. "उठव गो तेका."

माय वाकली. चुंबळ खरंच त्यांच्या मानेखाली होती, उशीसारखी. तिनं दोरीवरचा टॉवेल ओढला, पिळून त्याचं गोल वेटोळं केलं आणि त्या बाईच्या डोक्यावर नीट बसवलं.

"जा," माय म्हणाली. "झोपू दे त्यास्नी. लय लांबून आलेत."

ती बाई टोपली घेऊन वाळूतून पळत सुटली. दिवेलागण झाली, होड्या ओढून झाल्या, तरी ओव्हरशेर झोपलेलेच होते.